आमची वाटचाल : रबाळ्याचा गाळा आणि एका बिटाची गोष्ट

रबाळे एमआयडीसीत आमचा गाळा आहे. बाहेरची पाटी लहान, पण एपीएमसीच्या आसपास रायपनिंग चेंबर, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोल्या, चालवणाऱ्यांमध्ये आमचा कंट्रोलर ओळखणारी माणसं भेटतील. २००९ मध्ये थर्मिस्टरवर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा साधा सेन्सर) सुरुवात केली. कार्बाइडने फळं पिकवायला बंदी होतीच. २०१६ मध्ये एफएसएसएआयने १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) इथिलीन वायूला मुभा दिली आणि चेंबरची कामं वाढली. पुढची काही वर्षं बरी गेली, पगार वेळेवर झाले.

आम्ही तोवर बीएमई२८० या सेन्सरवर आलो होतो. तापमान, आर्द्रता, दाब, सगळं एका चिपमध्ये. आय२सी ही सेन्सर आणि मुख्य चिप जोडायची दोन तारांची पद्धत. तिच्यावर त्याला दोनच पत्ते मिळतात, ७६ आणि ७७ (हे आणि पुढचे पत्ते, बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले). आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, मूळचे आळेफाट्याकडचे एक शेठ, चेंबर दाखवताना म्हणाले, "अहो इंजिनियर, दाराजवळचा आंबा आणि मागच्या भिंतीचा आंबा एकदम पिकतो का? मला चारही कोपऱ्यांचं तापमान दिसलं पाहिजे." दोन पत्त्यांत चार कोपरे बसत नाहीत. शिवाय आय२सीच्या तारेवर एकूण ४०० पिकोफॅरड धारकतेची मर्यादा, लांब केबल ओढली की सिग्नलच्या कडा लोळायला लागतात. म्हणून कोपऱ्यात छोटे प्रोब बसवले आणि मधल्या अंतराला आरएस-४८५ (लांब केबलवर चालणारी जोडणी) घातलं.

तिथेच मी प्रोग्रॅमसाठी एक नियम केला आणि तो आजवर पाळला आहे. सेन्सरचं ज्ञान एका फाइलीत, ती वरची; तारांचं दुसऱ्या, ती खालची. कॅलिब्रेशनचे आकडे, त्यांवरून कच्च्या आकड्याचं खरं तापमान काढायचं कॉम्पेन्सेशनचं गणित, सेन्सर झोपलाय की जागा, हे सगळं वरच्या फाइलीत. तिला खालून तीनच फंक्शन मिळतात: अमुक रजिस्टरपासून (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) इतके बाइट वाच, लिही, इतका वेळ थांब. पेटी देवगडहून ट्रकने आली की टेम्पोने, आढीला त्याचं काही नसतं, तसंच हे. मी काही नवीन शोध लावला असं म्हणत नाही. हा सेन्सर बनवणाऱ्या बॉशचा स्वतःचा सी भाषेतला ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) असाच आहे. लिनक्समध्ये २०११ साली ३.१ कर्नलमध्ये मार्क ब्राउन यांचं रेगमॅप (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याचा सामाईक थर) आलं ते याचसाठी, आणि तिथे बीएमपी२८० या भावंड सेन्सरच्या ड्रायव्हरचा गाभा, आय२सी आणि एसपीआय (जोडायची दुसरी, चार तारांची पद्धत) वेगवेगळ्या फाइलींत ठेवले आहेत. तरीही "एवढ्याशा बोर्डाला इतका थाट कशाला?" हे मी पुष्कळ ऐकलं.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलांना सांगतो, खालचं फंक्शन एकेक बाइट वाचणारं करू नका. एफ७ ते एफई या रजिस्टरांतले आठ बाइट एका दमात वाचले पाहिजेत, नाहीतर एका मोजणीचं तापमान आणि दुसऱ्या मोजणीची आर्द्रता एकत्र येते. आणि दोन बस, म्हणजे या दोन तारांच्या पद्धती, सारख्या आहेत असं समजू नका. आय२सीवर चिप नसेल तर अॅक (पोच) येत नाही, लगेच कळतं. एसपीआय मुकं असतं. तुटक्या तारेवरही ते तुम्हाला नुसते शून्य किंवा नुसते एफएफ आणून देईल. म्हणून चिपची ओळख, म्हणजे डी० रजिस्टरमधलं ६०, वरच्या फाइलीतच तपासा. पण तेवढ्यावर विसंबू नका. त्याचं कारण पुढे येतं.

२०२१. चिपचा दुष्काळ. वितरक ५२ आठवड्यांची मुदत सांगत होते, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, मिळेल त्या भावाने माल जात होता. आमची निम्मी ऑर्डर एका मोठ्या कोल्डरूम पुरवठादाराची. त्याने 'सर्व्हिससाठी' म्हणून आमचं सर्किट मागून घेतलं, मागची बिलं अडकवली आणि काम पलीकडच्या गल्लीतल्या एका फर्मला निम्म्या दरात देऊन टाकलं. आमच्याकडे तयार बोर्ड पडलेले, वर बसवायला मायक्रोकंट्रोलर (मुख्य चिप) नाही. हातात दुसऱ्या कंपनीचा मायक्रोकंट्रोलर लागला, त्याच्या आय२सीच्या पिना आमच्या बोर्डावर सेन्सरपर्यंत पोचत नव्हत्या, एसपीआयच्या पोचत होत्या. खालची फाइल नवी लिहिली. वरच्या फाइलीतली एक ओळही बदलली नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण ऑर्डर तर गेलीच होती. गाळ्याचं भाडं थकलं, दोन जोडणीवाले घरी बसवावे लागले.

ऐन हापूसच्या हंगामात शेठ त्या फर्मचा कंट्रोलरचा डबा घेऊन गाळ्यात आले. पुरवठादाराने नव्या चेंबरला तोच दिला होता. "रात्रंदिवस एकच आकडा. दार उघडं टाकलं तरी हलत नाही. माल गेला माझा." आकडा विशीतला, चेंबरला शोभेल असा, म्हणून कुणाला संशय आला नाही. मी डबा उघडला. तोच सेन्सर, एसपीआयवर. तारेवरचे बिट दाखवणाऱ्या लॉजिक ॲनालायझरच्या चार क्लिपा लावल्या: सिलेक्ट, क्लॉक, जाणारी तार, येणारी तार. डी० पाठवला, ६० परत आलं. चिप सापडली. मग सेन्सरला जागं करण्यासाठी एफ४वर लिहायचं, आणि तारेवर दिसला एफ४च.

एसपीआयवर या चिपच्या रजिस्टरच्या पत्त्याचा सर्वांत वरचा बिट वाच-लिही ठरवतो: एक म्हणजे वाच, शून्य म्हणजे लिही. एफ४वर लिहायचं तर तारेवर ७४ जायला हवा. डी०चा वरचा बिट मुळातच एक, त्यामुळे वाचन बरोबर होत होतं आणि लेखन एकही होत नव्हतं. सेन्सर पहिल्यापासून झोपलेलाच, तापमानाच्या रजिस्टरांत सुरुवातीचे ८०, ००, ००. त्यावर कॅलिब्रेशनचं गणित केलं की अगदी खरं वाटणारं तापमान निघतं. आय२सीचा कोड जसाच्या तसा एसपीआयवर ओतल्याचा हा परिणाम. आमच्याकडे हा बिट खालच्या फाइलीत लावला जातो, वरच्या फाइलीला त्याचा पत्ताही नाही.

शेठनी स्क्रीन पाहिली. त्यांना त्यातलं कळलं नसेल, पण दुसऱ्या दिवशी आपल्या सगळ्या चेंबरची ऑर्डर आणि पूर्ण रक्कम आगाऊ दिली. "तुमचे पगार थांबवू नका," एवढंच म्हणाले. त्या पैशावर गाळा टिकला, जोडणीवाले परत आले.

त्या पुरवठादाराने पुढे आमच्याकडे पुन्हा दरपत्रक मागितलं. मी दिलं नाही. जुनी बिलं अजून बाकी आहेत. तेव्हा लहान उद्योगवाल्यांनो, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करून ठेवा. लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. डिलिव्हरी चलनावर सही आणि तारीख दोन्ही घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. आमच्या चलनांवर दोन्ही आहेत, आणि त्या पैशांचा पाठपुरावा मी सोडलेला नाही.