दिसणारं रफू

अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी रफूचं काम करते, तिथे कसर लागून येणारी ब्लँकेटं बहुतेक 'जपून ठेवलेली' असतात. रोज पांघरलेल्या लोकरीला कसर सहसा लागत नाही. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली हमखास सापडते. हे गिऱ्हाइकांना पटत नाही.

हे ब्लँकेटही तसंच. लुईस आणि क्लार्क या दोन अमेरिकन कप्तानांच्या पश्चिमेकडच्या 1804 ते 1806 च्या शोधमोहिमेला दोनशे वर्षं झाली तेव्हा विणलेलं. पॅसिफिकपर्यंतचा मार्ग, खाली सालं. आणणाऱ्या आजी चिनूक, म्हणजे कोलंबिया नदीच्या मुखाशी मोहीम पोचली तिथल्याच मूळनिवासी लोकांपैकी. नातवाच्या पदवीदानाला त्याच्या खांद्यावर घालायचं होतं.

आधी पिशवीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये. भोकाभोवती लाल रवा होता. अळी ज्या रंगाची लोकर खाते त्याच रंगाची तिची विष्ठा. काउंटरवरचा पोरगा 'रंग सुटतोय' म्हणून वाफ मारायला निघाला होता. त्याला शिकवायला कोणाला वेळ नाही.

मग माझ्या आवडीचं काम. जकार्ड विणीत, म्हणजे नक्षी कापडातच विणलेली असते त्या विणीत, उलट बाजूला रंगांची अदलाबदल होते, त्यामुळे एकच भोक दोन्हीकडून जुळवावं लागतं. बाजारचा धागा ट्यूबलाइटखाली जुळतो आणि उन्हात उघडा पडतो. म्हणून काठाची पट्टी उसवून तिच्याखाली दडलेल्या कडेचे धागे काढले.

आजी ते पाहून म्हणाल्या, "ते राहू दे. निळा घाल. दिसला पाहिजे."

नोव्हेंबर 1805 मध्ये एका चिनूक माणसाच्या अंगावरचा समुद्री पाणमांजराच्या कातड्याचा झगा कप्तानांना हवा होता. तो निळ्या मण्यांशिवाय कशालाही तयार होईना. शेवटी मोहिमेसोबतच्या शोशोनी दुभाषी बाईचा, साकागावियाचा, निळ्या मण्यांचा कमरपट्टा द्यावा लागला. "भाव आमच्या माणसाने ठरवला," आजी हसल्या. "तिचा पट्टा मात्र गेला." 2001 मध्ये चिनूकांना जमात म्हणून मिळालेली सरकारी मान्यता 2002 मध्ये, ऐन द्विशताब्दीच्या तोंडावर, काढून घेतली, हे सांगताना हसल्या नाहीत.

कुठे केलंय ते कळलं तर ते रफू कसलं, असं मी पुण्यात शिकले. तरी निळा घातला, दोन्ही बाजूंनी, खांद्यावर ताण येईल म्हणून जरा घट्टच. मालक म्हणाला, पाटीवर आपण 'न दिसणारं रफू' लिहितो, याचा फोटो भिंतीवर लावायचा नाही. तो माझ्या फोनमध्ये आहे. टाके सरळ आलेत. काढलेले लाल धागे अजून डबीत आहेत; आजींना विचारायचं राहिलं, हवेत का.