नाक म्हणतं गोड, जीभ म्हणते कुठंय?

पहिल्यांदा मीड प्यायलो तेव्हा तोंड वाकडं झालं होतं माझं. मधाची दारू म्हटल्यावर डोक्यात काय येणार, घट्ट आणि गोडमिट्ट असं काहीतरी, खोकल्याच्या औषधाचं मोठं भावंड. आणि ग्लासात होतं ते पाण्यासारखं पातळ, फिकट सोनेरी, चवीला चक्क कोरडं! वाटलं बाटलीच खराब निघाली. पण वास घेतला तर मधच, आत्ता पोळं कापल्यासारखा. नाक एक सांगतंय, जीभ भलतंच, आणि मी मधल्यामध्ये येडा.

नंतर कळलं की ड्राय, म्हणजे गोडवा न उरलेली मीड अशीच असते. ट्रॅडिशनल मीड म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट, बस, फळं नाहीत, मसाले नाहीत. नुसता मध बरणीत वर्षानुवर्षं आंबत नाही कारण त्यात पाणी असतं जेमतेम १७-१८ टक्के, तेवढ्या साखरेत यीस्टचा जीवच गुदमरतो. पाणी घातलं की ते जागं होतं आणि साखर खायला लागतं. म्हणजे आपण ज्याच्यासाठी बोट चाटतो तेच नेमकं ते खाऊन टाकतं, आणि मागे काय उरतं तर माशी ज्या फुलावर बसली होती त्याचा वास. साखर इतका आरडाओरडा करत असते की एरवी तो ऐकूच येत नाही. संत्र्याच्या फुलांच्या मधाची मीड आणि बकव्हीटच्या (म्हणजे कुट्टूच्या) फुलांच्या मधाची मीड शेजारी ठेवून बघा, पहिली हलकी, फुलांची, दुसरी मातकट, जरा गोठ्याकडे झुकणारी (मला दुसरीच आवडते, लोक काय म्हणायचं ते म्हणोत).

गोड मीड नसतेच असं नाही हां. पोलंडमध्ये तर मधाचा हिशोब नावातच असतो, द्वुइन्याक म्हणजे एक भाग मध एक भाग पाणी, त्रुइन्याक म्हणजे एकाला दोन, आणि त्या नावांत आपले द्वि-त्रि ऐकू येतात की नाही? सगळ्यात दाट प्रकारात एका भागाला पाणी अर्धाच भाग, तो निदान ३ वर्षं मुरवायचा. मीड हा शब्दसुद्धा आपल्या मधाचा लांबचा भाऊ, दोघं एकाच जुन्या घरातले. मद्य मात्र त्या घरातलं नाही, ते मद् धातूवरून आलं, मी कितीतरी वर्षं त्याला मधाच्याच खात्यावर टाकत होतो.

प्यायची घाई करू नये एवढंच. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर वास गप्प बसतो, आणि नवी मीड असेल तर नुसती स्पिरिटसारखी नाकात चढते, तीच वर्षभर बाटलीत राहिली की माणसात येते. मी आता पहिली पाच मिनिटं नुसता ग्लास फिरवत बसतो, लोक हसतात, हसू देत.

आणि ग्लास लगेच धुवत नाही. तळाला दोन थेंब सुकले की रिकाम्या ग्लासात जो मधाचा वास येतो तो भरलेल्या ग्लासात कधीच आला नव्हता.