बावटा कितवा?

आतेभाऊ सांगलीहून गोव्याला आला होता. वहिनी, दोन मुलं आणि चार नवेकोरे गॉगल घेऊन. ऑक्टोबर 2019, दिवाळी तोंडावर आलेली. ग्रँड आयलंडची बोट सकाळी सातला मालीमच्या धक्क्यावरून सुटायची. सातला आम्ही हजर, पाऊस आमच्याआधी हजर. बोटवाला छत्रीखालूनच म्हणाला, "आज जावचें ना. बावटा लागला." मग आमची तोंडं बघून त्याला दया आली असावी. "दनपारां पळोवया," म्हणाला. या 'दुपारी बघू'नेच घोळ केला. सरळ नाही म्हटलं असतं तर आम्ही घरी जाऊन झोपलो असतो.

"बावटा म्हणजे?" धाकट्याने विचारलं. मी काकाची ऐट आणून सांगितलं की बंदरावर वादळाचे इशारे नंबरांनी देतात, एक ते अकरा. दहावा म्हणजे महासंकट. अकरावा मात्र माझा लाडका: हवामान खात्याशी संपर्कच तुटला, असा त्याचा अर्थ. वहिनी आतेभावाकडे बघत म्हणाली, "हे ऑफिसातून निघाले की आमच्याकडे रोज अकरावा."

वादळाचं नाव क्यार. नाव म्यानमारने सुचवलेलं, त्यांच्या भाषेत वाघ. वाघ आत खोल समुद्रात, पण शेपटीचे फटके इथे बसत होते. आदल्या दिवशी तर एक बिनमाणसांचं जहाज, पोटात नाफ्ता हे झटकन पेटणारं तेल घेऊन, वाहत येऊन दोनापावलजवळ रुतलं होतं. आमच्या सहलीचं दुःख त्यापुढे काय!

गाड्यावर पातळ भाजी-पाव झाला, मिरचीची भजी झाली, दोनदा चहा झाला. घड्याळात साडेआठ.

मग आम्ही ट्रॉलर बघत फिरलो. एरवी इथे आलं तर अर्धा धक्का रिकामा. त्या दिवशी सगळे घरी. एकाला एक बांधलेले, मधले टायर कण्हतायत, कुठल्यातरी ट्रॉलरवर कुकरची शिट्टी. ओडिशाचा एक खलाशी व्हिडिओ कॉलवर गावाकडे पाऊस दाखवत होता, जणू तिकडे पाऊस नसतोच.

ताडपत्रीखाली एकजण जाळं दुरुस्त करत होता. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेली, हातात दोरा गुंडाळलेली प्लास्टिकची चपटी सुई. सुई आत, वळसा, बोटावर घर मोजायचं, गाठ आवळायची. बघता बघता हाताएवढं भोक बुजलं. जून-जुलैत 61 दिवस मासेमारी बंद असते तेव्हाही हेच काम, तरी संपत नाही म्हणाला. थोरल्याने सुई मागितली. त्याने दिली. पोराने जीभ बाहेर काढून तीन गाठी मारल्या. जाळेवाल्याने शांतपणे ब्लेडने त्या तिन्ही कापल्या आणि पुढे सुरू केलं. रागावला असता तर बरं, असं पोराचं तोंड झालं.

एक वाजता बोटवाल्याने आभाळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि पैसे परत केले.

परतताना बेतीला रस्त्याकडेला दिवाळीत जाळायचा नरकासुराचा पुतळा अर्धवट उभा होता. तिथल्या पोरांनी त्याला निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीने आवळलेलं. एक हात तेवढा बाहेर राहिलेला, कागदी नखांवरून रंग ओघळत होता. धाकट्याने गाडी थांबवायला लावली, आपला नवाकोरा गॉगल काढला आणि खाली उतरून त्या पोरांना देऊन आला.