प्रश्न पस्तीस, पण विचारायचे कधी?

एम.एस्सी. नर्सिंगच्या डिझर्टेशनला मी विषय घेतला कॅन्सर पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांच्या जगण्याच्या गुणवत्तेचा. त्यासाठी सीक्यूओएलसी (केअरगिव्हर क्वालिटी ऑफ लाइफ इंडेक्स–कॅन्सर) हे टूल, म्हणजे प्रश्नावली, वापरलं. वाइत्झनर आणि सहकाऱ्यांनी ते १९९९ साली प्रसिद्ध केलं. एकूण ३५ विधानं, प्रत्येकाला ० (अजिबात नाही) ते ४ (खूपच) गुण, बेरीज जास्तीत जास्त १४०. त्रासाच्या विधानांचे गुण बेरजेआधी उलटे करायचे, म्हणजे चारचा शून्य. बेरीज जितकी जास्त, तितकं त्या माणसाचं बरं चाललंय असं धरायचं. ओझं, दिनक्रमाची उलथापालथ, पैशाची चिंता आणि परिस्थितीशी जुळवून घेणं असे त्यात चार भाग.

टूलची परवानगी, मराठी भाषांतर, ते तिसऱ्याच माणसाकडून पुन्हा इंग्रजीत, एथिक्स कमिटी, यात पुण्याचा अख्खा पावसाळा गेला. कागद होते, झाले.

कस लागला तो डेकेअर वॉर्डात. पेशंटला केमो सुरू, शेजारी स्टुलावर नवरा, सून किंवा लेक. 'झोप नीट लागत नाही' हे विधान वाचलं की ते आधी पेशंटकडे बघायचे आणि मग म्हणायचे, "छे, काही त्रास नाही." एका काकांनी सगळीकडे शून्य सांगितलं आणि मेडिकलच्या रांगेत मला गाठलं. "ताई, ते झोपेचं चार करा. तिच्यासमोर कसं सांगू?" त्यानंतर सिस्टरांना विनंती करून सलाइनचे खोके ठेवायची खोली मिळवली. पण ड्रिप चालू असताना पेशंटला सोडून उठायला कुणी तयार नसे. मग पेशंट ब्लड रिपोर्टची वाट बघत बसलेला असतो तेवढ्या वेळात नातेवाइकाला बाजूला घ्यायचं, हे जमलं. लैंगिक जीवनाबद्दलचं विधान बहुतेकांनी कोरंच सोडलं. मीही आग्रह धरला नाही.

विम्याचं विधान वाचलं की लोक योजनेवर यायचे. महात्मा फुले योजनेत केस बसली का, अप्रूव्हल आलं का, रेशनकार्डावर नाव नीट आहे का. बार्शीहून आलेल्या एका वहिनींना या एका विधानाला अर्धा तास लागला, आणि मला तो हवाच होता.

पण सगळ्यात मोठी मेख वेगळीच निघाली. टूल विचारतं गेल्या सात दिवसांबद्दल. तीन आठवड्यांची सायकल असेल, म्हणजे दर तीन आठवड्यांनी केमो, तर केमोच्या दिवशी मागचे सात दिवस म्हणजे त्यातले सगळ्यात बरे दिवस. उलट्या थांबलेल्या, तोंडातले फोड भरत आलेले, पेशंट दोन घास खातोय. घरच्यांचे हाल होतात ते केमोनंतरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेव्हा ते आमच्यासमोर नसतात. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, त्या वहिनींनीच सांगितलं. "आत्ता काय विचारताय? पुढच्या आठवड्यात फोन करा, मग सांगते."

गाईड मॅडम म्हणाल्या, 'लिमिटेशन्समध्ये टाक.' टाकलं. पण प्रत्येक फॉर्मवर सायकलचा कितवा दिवस तेही लिहायला लागले, आणि काही जणांना केमोनंतर आठवड्याने फोन करून तीच ३५ विधानं पुन्हा विचारायची परवानगी कमिटीकडून काढली. यासाठी वेगळा अर्ज, वेगळं संमतीपत्र. वहिनींनी फोन उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी होत होती. "सासूबाई आत्ताच झोपल्यात, पटापट विचारा." हॉस्पिटलमध्ये एक-दोनच्या पुढे न गेलेल्या त्या बाईंनी यावेळी तीन आणि चारच सांगितले. मात्र सासूशी जवळीक वाढली का, यालाही चार. त्यामुळे बेरीज वाटली तितकी घसरली नाही.

म्हणून प्रबंधात १४०पैकी किती, हा एकच आकडा मी पुढे केला नाही. चारही भाग वेगळे मांडले. एकाची बेरीज पैशाने खाली येते, दुसऱ्याची झोपेने, आणि दोघांना लागणारी मदत एक नसते. फोनवरच्या फॉर्मचा तक्ताही वेगळा ठेवला. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात आधी तोच उघडला आणि विचारलं, "हे फोन संध्याकाळी केले की सकाळी?"