चौथी सीट

आत्या सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबायची आणि ओट्यापाशी जाऊन चहाचं आधण ठेवायची. चहा उकळून, गाळून, कप घेऊन ती परत येईस्तोवर पडद्यावर नातवाचा फोटो उमटत असे. यंत्र 2010च्या दिवाळीतलं, आत प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, कोअर टू ड्युओ. सोसायटीचा जमाखर्च, विजेचं बिल, अभंग आणि दुपारी पत्ते, एवढाच त्याचा संसार. तिची तक्रार काहीच नव्हती. पण 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चे अपडेट थांबले, आणि त्याबद्दलची सूचना सारखी पडद्यावर यायला लागली. तिने मला फोन केला. "अरे, हा मला नवीन घ्या म्हणतोय. ह्याला कोणी विचारलं?"

जुन्या प्रोसेसरला विंडोज 11 दारात उभं करत नाही; इंटेल कंपनीचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे नवीन घेणं आलं, आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी आठवडाभर जागरणं केली आणि रायझन 5 5600जी हा प्रोसेसर पक्का केला. सहा कोअर, बारा थ्रेड. एकाहत्तर वर्षांच्या बाईला पत्ते खेळायला बारा थ्रेड! खरं सांगायचं तर तो मला हवा होता. दुसऱ्याच्या पैशाने आपली हौस भागवण्यात सुख असतं, आणि वर सेवा केल्याचं पुण्यही पदरात पडतं.

"कोअर म्हणजे काय ते आधी सांग," आत्या म्हणाली.

मी तिला पेंटियम गोल्ड या इंटेलच्या स्वस्तातल्या प्रोसेसरचं उदाहरण दिलं. कोअर दोनच, पण थ्रेड चार. काम करणारे दोघंच, पण प्रत्येकाकडे दोन-दोन कामं, एक अडलं की दुसरं उरकायचं.

"म्हणजे चौथी सीट," ती म्हणाली.

बत्तीस वर्षं तिने लोकलने डोंबिवली ते व्हीटी केलंय. बाकडं तिघींचं, बसायच्या चौघी. "चौथीचं बसल्याचं फक्त नाव रे. अर्धी बाहेर, एक पाय पॅसेजमध्ये. पण उभं राहण्यापेक्षा बरं." हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरला दोन कामं देण्याची ही युक्ती, इतक्या नेमकेपणाने सांगितलेलं मी आठवडाभरात कुठे वाचलं नव्हतं. वेग वाढतो, दुप्पट मात्र होत नाही.

"मग मला खऱ्या सीटा किती लागतील?"

चार, मी म्हटलं. ब्राउझर, अँटिव्हायरस, मागे गुपचूप चाललेले अपडेट, हे सगळे आधीच जागा धरून बसलेले असतात.

पेंटियमवरून मात्र तिचं मन हटत नव्हतं. तिच्या बँकेत तो मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये असायचा. नाव 1993चं. आधीच्या प्रोसेसरांची नावं 386, 486 असे नुसते आकडे, त्यांवर इंटेलला कोर्टात मालकी सांगता येईना, म्हणून पुढच्याला ग्रीक 'पेंटे'वरून, म्हणजे पाचावरून, नाव दिलं. आपल्या 'पंच'चाच हा भाऊबंद. पुढे घराण्यात 'कोअर' नावाचे प्रोसेसर जन्मले आणि हेच नाव स्वस्तातल्या मालावर येऊन पडलं. साहेबांच्या केबिनमधून थेट जिन्याखालच्या स्टुलावर. आत्याला वाईट वाटलं.

शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तसं विचारलंत तर कॉम्प्युटरवाल्यांची गल्ली सापडायला वेळ लागेल. रायझन मनातच ठेवून मी चार कोअरचा इंटेल आय3-12100 मागितला. दुकानदाराने आय3-12100एफ पुढे केला. "सेम टू सेम आहे, स्वस्तात पडेल." चार खरे कोअर, आठ थ्रेड. मी मान डोलावली. फोन काढून पैसे पाठवायच्या बेतात होतो.

"सारखंच आहे तर स्वस्त का?" आत्याने विचारलं. कर्जाच्या टेबलावर आयुष्य काढलेली बाई ती.

दुकानदार जरा घुटमळला. "मॅडम, त्या एफमध्ये ग्राफिक्स नसतं. कार्ड वेगळं घ्यावं लागतं."

कार्ड न घेता घरी गेलो असतो तर सगळं जोडूनही पडदा काळाच राहिला असता. हे मला माहीत होतं, शप्पथ. बारा थ्रेड मनात घोळत असताना एका अक्षराकडे लक्ष कोण देतो? आम्ही बिनाएफचा घेतला, आठ जीबी रॅम आणि एक एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क. माऊसपॅड आत्याने फुकट मिळवला, आणि तो द्यायला लावताना दुकानदाराच्या मुलीची परीक्षा कधी आहे तेही काढून घेतलं.

तिचा जुना कॉम्प्युटर रखडायचा त्यात प्रोसेसरचा दोष तसा थोडाच होता. आतली हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे मारत एकेक फाइल हुडकायची. नुसती एसएसडी बसवली असती तरी तो बराच पळाला असता. हे मी तिला परतीच्या गाडीत सांगितलं, पैसे देऊन झाल्यावर. ती खिडकीत होती, मी चौथ्या सीटवर. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

नवा कॉम्प्युटर पंधरा सेकंदांत उभा राहतो. तेवढ्यात पातेल्यात पाणीसुद्धा घेऊन होत नाही. पहिले दोन दिवस ती त्याच्यासमोर बिनचहाची बसून राहिली. आता आधी आधण ठेवते, चहा गाळते, आणि कप हातात आला की मग बटण दाबते.