पुढच्या शुक्रवारी बघू

"ताई, पुढच्या शुक्रवारी बघू ना," अंधेरीच्या एका ऑफिसातले अकाउंटवाले आज हसत हसत म्हणाले. टेबलावर माझ्याच पुरणपोळ्यांचा बॉक्स, उघडा. तुपाचे डाग थेट माझ्या बिलावर.

ऑफिसला पुरवलेल्या जेवणाच्या डब्यांचे पैसे मार्चपासून अडकलेत. दादरला भाजी रोखीने, १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर रोखीने, पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा पगार तर एक तारखेलाच. उधारी चालते ती फक्त माझ्याकडे!

२००६ च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहा, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर व्याज. माझी उद्यम नोंदणीही आहे, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. पण कायद्याचं नाव काढलं की ऑर्डर गेली, हे त्यांनाही पक्कं ठाऊक.

आणि लोकलने जाण्यायेण्यात गेलेली अख्खी दुपार कुठल्या बिलात लावायची? तुम्ही लावता का कुणी?