विटांत सोनं असलेलं कोर्ट

आई कोल्हापूरहून आलीये तीन महिन्यांसाठी, आणि अटलांटातलं मत्स्यालय, दोन देवळं आणि सगळे मॉल झाल्यावर आता हिला न्यायचं कुठं हा प्रश्नच होता. मैत्रीण म्हणाली डलॉनेगाला जा. (आम्ही दोन वर्षं त्याला डाहलोनेगा म्हणत होतो, कुणी सांगितलंच नाही.)

आमच्या अल्फारेटाहून फोर-हंड्रेड हायवे पकडला की तासाभरात डोंगर सुरू होतात. लम्पकिन काउंटीचं हे मुख्य गाव, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा. मधे चौक, चौकात जुनं कोर्ट, भोवती दुकानं. कोर्ट १८३६ चं, दोन मजली, विटांचं, समोर पांढरे खांब. आई गाडीतून उतरून म्हणते, "एवढंच?" तिला अंबाबाईचं देऊळ रोजचं, तिला १८३६ चं काय कौतुक असणार. १९६५ पर्यंत इथं खरोखर खटले चालायचे, आता सोन्याचं म्युझियम आहे. तिथल्या बाईंनी सांगितलं की विटा इथल्याच मातीच्या, त्यामुळे त्यांच्यात सोन्याचे कण आहेत. हे मी मराठीत सांगेपर्यंत आईचं नख भिंतीवर. "आई, अगं!"

तर इथं १८२९ च्या सुमारास सोन्यासाठी झुंबड उडाली, कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. इतकं सोनं निघायला लागलं की सरकारने गावातच टांकसाळ काढली, १८३८ ते १८६१ चालली. तिथली नाणी काचेत ठेवलीत, प्रत्येकावर छोटा डी, म्हणजे टांकसाळीची खूण. आता डी म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ, पण पहिला डी या गावाचा. तीन डॉलरचं नाणं तर त्यांनी फक्त १८५४ मध्ये पाडलं, १,१२० नग, बस. टांकसाळीच्या इमारतीत नंतर कॉलेज भरायचं, ती १८७८ ला जळाली, मग त्याच पायावर कॉलेजची नवी इमारत उभी राहिली. तिच्या मनोऱ्यावर इथल्याच सोन्याचा वर्ख आहे. ऊन पडलं की लांबूनसुद्धा चमकतो.

पण मी अडकले ते १८३८ या सालापाशी. ही जमीन मुळात चेरोकी लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची. जॉर्जिया राज्याने १८३२ मध्ये तिची लॉटरी काढली, म्हणजे अक्षरशः चिठ्ठ्या, एकेक तुकडा चाळीस एकराचा, माणसं अजून तिथं राहतायत आणि त्यांच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नावाने निघतेय, त्यांना स्वतःला मात्र चिठ्ठी टाकता येत नव्हती. आणि ज्या वर्षी टांकसाळ सुरू झाली त्याच वर्षी सैन्याने त्यांना घरातून काढून पार पश्चिमेला हाकललं, वाटेत हजारो मेले. गावाला नाव मात्र त्यांच्याच भाषेतलं, 'पिवळा' या अर्थाच्या शब्दावरून. आईला हे सांगितलं तर ती जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "धरणात गेलेल्या गावांचं पण असंच, धरणाला नाव त्यांचं." मला नाही पटलं तसं पूर्ण, पण वाद नाही घातला.

जेवण करून खाणीवर गेलो. तिथं पैसे भरले की तसराळ्यासारखं एक पसरट भांडं आणि वाळू देतात, पाण्यात बुडवून गोल गोल फिरवायचं, हलकी वाळू वाहून जाते, जड काळी वाळू तळाला राहते आणि नशीब असेल तर तिच्यात पिवळा ठिपका. माझ्या घाईत सगळंच वाहून गेलं. आईने पदर खोचला आणि तांदूळ धुवावेत तसं सावकाश फिरवत बसली. "आमच्या गुजरीत झारेकरी हेच करायचे की," ती म्हणाली, "सोनारांच्या दुकानापुढचा कचरा झाडून न्यायचे, धुवून सोनं काढायचे." शेजारच्या अमेरिकन आजोबांना मी हे सांगितलं, तर ते स्वतःचं भांडं सोडून आईचा हात बघत उभे राहिले.

चार कण निघाले, मोहरीच्या चतुर्थांशाएवढे. बोटाचं टोक ओलं करून उचलायचे आणि पाण्याच्या इवल्याशा बाटलीत सोडायचे. ती बाटली आता माझ्या देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी. आणि आई रोज विचारते, परत जाताना हे एअरपोर्टवर दाखवायला लागेल का गं.